सभासदमंडळांविरुद्धचे प्रातिनिधिक दावे

सभासदमंडळांविरुद्धचे प्रातिनिधिक दावे : एकाच वादविषयात समान हितसंबंध असलेल्या अनेक व्यक्तींपैकी एकाने किंवा काहींनी स्वतःच्या व इतर सर्वांच्या वतीने लावलेला, अथवा तशाच रीतीने त्यांच्याविरुद्ध लावण्यात आलेला दिवाणी दावा म्हणजे प्रातिनिधिक दावा होय. क्लब, करमणूक मंडळे, विद्वत्सभा, धार्मिक समाज, व्यावसायिकांचे संघ यांसारख्या ज्या संस्था कायद्याने निगमित झालेल्या नसतात, त्यांच्याविरुद्ध दाद मागण्याचा हा एक जुना मार्ग आहे. याचा उगम इंग्लंडमधील चॅन्सरी न्यायालयाच्या प्रथेत असून तेथून तो ब्रिटिश अंमलाखालील बहुतेक देशांच्या कायद्यात आला. ज्या समूहाला नाव आहे, जागा आहे, पैसा आहे, परंतु विधिमान्य व्यक्तित्व नाही, त्याला न्यायालयापुढे कसे आणावयाचे, हा या इतिहासाचा मुख्य प्रश्न आहे. बाकी राहिलेले देणे, अपघातात झालेली इजा किंवा सभासदत्वावरून काढून टाकल्याने गेलेली प्रतिष्ठा यांचे निवारण होते की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

क्लबचे कायद्यातील स्थान : इंग्लिश कायद्यात क्लबचे दोन प्रकार मानतात. मालकी क्लबमध्ये जागा, सामान व व्यवसाय एका व्यक्तीच्या किंवा कंपनीच्या मालकीचा असतो व सभासद ठराविक वर्गणी देऊन तेथील सोयींचा लाभ घेतात. अशा क्लबविरुद्ध दावा लावताना अडचण येत नाही; मालक हाच प्रतिवादी होतो. सभासदांच्या क्लबमध्ये मात्र मालक असा कोणी वेगळा नसतो. क्लबची मालमत्ता सर्व सभासदांची सामायिक असते आणि सोयीसाठी ती विश्वस्तांच्या नावे ठेवलेली असते. कारभार निवडून दिलेली समिती पाहते. सभासदांचे परस्परसंबंध क्लबच्या नियमावलीने, म्हणजेच कराराने, ठरतात. क्लब ही भागीदारी नव्हे, कारण नफा मिळविणे व तो वाटून घेणे हा तिचा हेतू नसतो; ती कंपनी नव्हे, कारण तिची तशी नोंदणी झालेली नसते. म्हणून ‘क्लब’ हा शब्द कायद्याच्या दृष्टीने एका दिवशी सभासद असलेल्या सर्व व्यक्तींचे संक्षिप्त नाव एवढाच उरतो. क्लब स्वतःच्या नावाने करार करू शकत नाही, दावा लावू शकत नाही, आणि त्याच्याविरुद्धही त्याच्या नावाने दावा चालत नाही.

याचा परिणाम असा की, अशा क्लबविरुद्ध ज्याची तक्रार असेल त्याला तीन मार्ग उरतात. ज्या व्यक्तीने प्रत्यक्ष व्यवहार किंवा कृत्य केले तिच्यावर दावा लावणे हा पहिला. त्या व्यवहारास अनुमती देणाऱ्या समितीच्या सभासदांवर व्यक्तिशः दावा लावणे हा दुसरा. आणि काही सभासदांना सर्वांचे प्रतिनिधी ठरवून सबंध सभासदवर्गावर दावा लावणे हा तिसरा. पहिल्या मार्गात प्रतिवादी बहुधा क्लबचा पगारी नोकर असतो व त्याच्याकडून वसुली होण्याची आशा थोडी असते. दुसऱ्यात विनावेतन काम करणाऱ्या काही थोड्या लोकांवर सर्वांचा बोजा पडतो. तिसरा मार्ग न्याय्य दिसतो, परंतु तो खुला करताना न्यायालयांनी दीर्घकाळ हात आखडता घेतला.

उगम : मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गावकरी, धर्मग्रामातील रहिवासी, व्यवसायसंघ इ. समूह न्यायालयात येत, तेव्हा काहींनी सर्वांसाठी बोलणे स्वाभाविक मानले जाई. पुढे सतराव्या शतकात चॅन्सरी न्यायालयात असा नियम रूढ झाला की, वादविषयात हितसंबंध असलेली प्रत्येक व्यक्ती दाव्यात पक्षकार असली पाहिजे. त्यायोगे वाद एकदाच व कायमचा मिटतो. परंतु हितसंबंधी व्यक्तींची संख्या शेकड्यांनी असेल, तर हाच नियम न्यायाच्या आड येई. म्हणून त्याला अपवाद करण्यात आला. १६७६ च्या ब्राउन वि. व्हर्मुडेन या खटल्यात डर्बीशर परगण्यातील शिशाच्या खाणीतील उत्पन्नावर एका धर्मोपदेशकाने दशमांशाचा हक्क सांगितला होता. आधीच्या दाव्यात काही खाणकामगारांनी सर्वांच्या वतीने बचाव केला होता व निकाल धर्मोपदेशकाच्या बाजूने लागला होता. त्या दाव्यात आपण पक्षकार नव्हतो, म्हणून तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, असे व्हर्मुडेनचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले. तसे न केल्यास एकाच हक्कासाठी दाव्यांना अंतच राहणार नाही, हे त्यामागील कारण होते. १७३७ मध्ये यॉर्क शहराच्या महापौरांनी उझ नदीतील मासेमारीच्या हक्कासाठी लावलेल्या दाव्यात लॉर्ड हार्डविक यांनी हेच धोरण पुढे नेले.

अठराव्या शतकात भांडवल एकत्र करून चालविलेल्या मोठ्या अनिगमित संस्था निर्माण झाल्या आणि त्यांच्या कारभाऱ्यांना हिशोब विचारण्यासाठी हा अपवाद उपयोगी पडू लागला. १७२२ च्या चान्सी वि. मे या खटल्यात पितळेच्या एका कारखान्याच्या काही भागधारकांना, स्वतःच्या व इतरांच्या वतीने, माजी कारभाऱ्यांविरुद्ध दाद मागू देण्यात आली. लॉर्ड एल्डन यांच्या काळात या प्रथेला निश्चित रूप आले. १८०२ च्या लॉइड वि. लोअरिंग या खटल्यात एका फ्रीमेसन लॉजच्या सभासदांनी लॉजच्या मालकीचे सामान परत मागितले होते. अनिगमित मंडळाने आपण जणू निगम आहोत अशा थाटात दावा लावावा हे एल्डन यांना मान्य नव्हते. मात्र काही सभासदांनी स्वतःच्या व इतरांच्या वतीने तो चालविण्यास त्यांनी वाव दिला. मंडळाला व्यक्तित्व द्यावयाचे नाही, पण मंडळातील माणसांना दारही बंद करावयाचे नाही, ही भूमिका पुढील दोन शतके कायम राहिली. १८०९ च्या कॉकबर्न वि. टॉम्पसन या खटल्यात त्यांनी स्पष्ट केले की, सर्वांना पक्षकार करण्याचा नियम सोयीसाठी आहे. जेथे तो पाळणे अशक्य होते व पाळल्यास न्यायच मिळत नाही, तेथे तो शिथिल केला पाहिजे.

क्लब आणि त्याचे धनको : लंडनमधील व्हाइट्स हा क्लब १६९३ मध्ये सुरू झालेल्या चॉकलेटगृहातून वाढला. एकोणिसाव्या शतकात ट्रॅव्हलर्स (१८१९), अथीनियम (१८२४), रिफॉर्म (१८३६) यांसारखे सभासदांच्या मालकीचे क्लब स्थापन झाले. त्यांच्या भव्य इमारती, ग्रंथालये व भोजनगृहे पाहून व्यापारी उधारीवर माल देत. पण उधारी थकल्यावर ती कोणाकडून वसूल करावयाची हे कळत नसे. हा प्रश्न प्रथम कॉमन लॉ न्यायालयांपुढे आला. तेथे प्रातिनिधिक दाव्याची प्रथा नव्हती. त्यामुळे धनको काही सभासद निवडून त्यांच्यावर दावा लावी. १८३६ च्या फ्लेमिंग वि. हेक्टर या खटल्यात वेस्टमिन्स्टर रिफॉर्म क्लबला पुरविलेल्या मालाची किंमत एका सभासदाकडून मागण्यात आली. न्यायालयाने ठरविले की, क्लबचा सभासद हा भागीदार नव्हे. समितीने जमा वर्गणीतून रोखीने खर्च करावा, एवढाच अधिकार सभासद तिला देतो. आपल्या व्यक्तिगत पतीवर कर्ज काढण्याचा अधिकार तो देत नाही. १८४१ च्या टॉड वि. एम्ली या खटल्यात वाइनच्या एका व्यापाऱ्याने समितीच्या सभासदांनाच धरले. त्यांच्याबाबतही, केवळ समितीवर नाव आहे एवढ्याने भागत नाही, संबंधित व्यवहारास त्या व्यक्तीची अनुमती होती असे दिसले पाहिजे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

या तत्त्वाची परिणती १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे न्यू साउथ वेल्समधून आलेल्या वाइज वि. पर्पेच्युअल ट्रस्टी कंपनी या अपिलात झाली. क्लबसाठी भाडेपट्टा स्वीकारलेल्या विश्वस्तांनी आपल्यावर आलेला बोजा सभासदांनी उचलावा अशी मागणी केली होती. लॉर्ड लिंडली यांनी ती अमान्य केली. नियमावलीत ठरलेल्या वर्गणीपलीकडे सभासदाला काहीही द्यावे लागत नाही, याच समजुतीवर क्लब ही संस्था उभी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सभासदांना यामुळे मोठे संरक्षण मिळाले. मात्र ज्याने क्लबशी विश्वासाने व्यवहार केला त्याचे, आणि ज्यांनी क्लबसाठी सह्या केल्या त्या विश्वस्तांचे, संरक्षण तेवढेच कमी झाले.

१८७३ चा नियम आणि त्याचा विस्तार : १८७३ व १८७५ च्या न्यायव्यवस्था अधिनियमांनी कॉमन लॉ व चॅन्सरी या न्यायालयांचे एकत्रीकरण केले व चॅन्सरीची ही प्रथा सर्व विभागांना लागू होणाऱ्या नियमात ग्रथित करण्यात आली. एखाद्या वादविषयात समान हितसंबंध असलेल्या व्यक्ती अनेक असतील, तर त्यांपैकी एकाने वा अधिकांनी सर्वांच्या वतीने दावा लावावा, अथवा त्यांच्यावर तसा दावा लावला जावा, किंवा बचाव करण्याचा अधिकार न्यायालयाने त्यांना द्यावा, असा त्याचा आशय होता. १८८३ च्या नियमावलीत तो सोळाव्या आदेशाचा नववा नियम म्हणून आला. प्रारंभी त्याचा अर्थ संकुचित करण्यात आला. १८९३ च्या टेम्पर्टन वि. रसेल या खटल्यात मालमत्तेतील हक्कापुरताच तो मर्यादित मानण्यात आला. १९०१ च्या ड्यूक ऑफ बेडफर्ड वि. एलिस या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ही मर्यादा दूर केली. कॉव्हेंट गार्डन बाजारातील फळे, फुले व भाजीपाला पिकविणाऱ्यांच्या वतीने तो दावा होता. समान हितसंबंध, समान तक्रार आणि सर्वांना लाभदायक ठरेल अशी दाद, या तीन गोष्टी असल्या की प्रातिनिधिक दावा चालावा, अशी कसोटी लॉर्ड मॅक्‌नॉटन यांनी घालून दिली.

त्याच वर्षी टॅफ व्हेल रेल्वे कंपनी वि. अमॅल्गमेटेड सोसायटी ऑफ रेल्वे सर्व्हंट्स हा प्रसिद्ध निर्णय झाला. नोंदलेल्या कामगार संघटनेवर तिच्या नावाने दावा लावता येतो, असे हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ठरविले. तसा दावा चालला नसता, तर प्रमुख सभासदांना प्रतिनिधी करून संघटनेच्या निधीपर्यंत पोहोचता आले असते, असेही मॅक्‌नॉटन व लिंडली यांनी नमूद केले. संघटनेला २३,००० पौंड नुकसानभरपाई द्यावी लागली. या निर्णयाने कामगार चळवळ हादरली व १९०६ च्या व्यवसाय-तंटा अधिनियमाने कामगार संघटनांविरुद्धचे अपकृत्याचे दावे बंद करण्यात आले. त्यात संघटनेबरोबरच, स्वतःच्या व इतर सभासदांच्या वतीने प्रतिवादी केलेल्या सभासदांचा व पदाधिकाऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख करावा लागला. प्रातिनिधिक दाव्याचे सामर्थ्य संसदेने किती ओळखले होते, हे त्यावरून दिसते.

समान हितसंबंधाची अडचण : कामगार संघटनांना असे संरक्षण मिळाले तरी क्लब व इतर मंडळांसाठी नियम खुलाच होता. पण आता न्यायालयेच मागे सरली. १९१० च्या मार्क्ट वि. नाइट स्टीमशिप कंपनी या खटल्यात रूस-जपान युद्धाच्या वेळी रशियन युद्धनौकेने बुडविलेल्या जहाजावरील मालाच्या अनेक धन्यांच्या वतीने भरपाई मागितली होती. प्रत्येकाचा करार निराळा, प्रत्येकाची हानी निराळी, म्हणून प्रातिनिधिक दाव्यात नुकसानभरपाई मागता येत नाही, असे बहुमताने ठरले. हा निर्णय वादींच्या समूहाविषयी होता. परंतु त्यातील विचारसरणी प्रतिवादींच्या समूहालाही लागू करण्यात आली. १९१६ मध्ये मर्कंटाइल मरीन सर्व्हिस असोसिएशन वि. टॉम्स या बदनामीच्या खटल्यात एका व्यावसायिक मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना सर्व सभासदांचे प्रतिनिधी ठरविण्यास नकार मिळाला. प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी प्रत्येक सभासदाचा संबंध सारखा नव्हता. कोणी तो लिहिण्यास अनुमती दिली असेल, कोणाला त्याची वार्ताही नसेल. मग सर्वांचा बचाव एकच कसा मानावयाचा, असा प्रश्न होता.

कर्जाच्या दाव्यात दुसरी अडचण आली. क्लबचा सभासदवर्ग सतत बदलत असतो. काही सोडून जातात, काही मरण पावतात, काही नव्याने येतात. माल घेतला त्या दिवशीचे सभासद आणि दावा लावला त्या दिवशीचे सभासद हे भिन्न समूह असतात. नव्या सभासदाला जुन्या कर्जाबद्दल जबाबदार धरता येत नाही आणि जुना सभासद आज प्रतिनिधींच्या कक्षेत नसतो. १९१४ च्या वॉकर वि. सुर या खटल्यात एका धार्मिक समाजाविरुद्धचा कर्जाचा प्रातिनिधिक दावा नाकारण्यात आला. १९३७ च्या बार्कर वि. अ‍ॅलनसन या खटल्यात खाणकामगार संघाच्या एका शाखेला माल देणाऱ्याची मागणीही सभासदवर्ग बदलल्याच्या कारणावर अडली. हक्क जाहीर करून घेणे किंवा मनाई हुकूम मिळविणे यांसाठी प्रातिनिधिक दावा सुलभ होता. पैसे वसूल करण्यासाठी तो जवळजवळ निरुपयोगी ठरला.

समितीची व्यक्तिगत जबाबदारी : या पोकळीचा भार साहजिकच समितीवर आला. १९४३ च्या ब्रॅडली एग फार्म वि. क्लिफर्ड या खटल्यात लँकाशरमधील एका कुक्कुटपालन संस्थेच्या नोकराने कोंबड्यांची रोगचाचणी करताना केलेल्या हयगयीने वादीचे नुकसान झाले. संस्था अनिगमित असल्याने तिच्याशी करार होऊच शकत नव्हता. तेव्हा करार कोणाशी झाला, असा प्रश्न आला. सर्व सभासदांशी झाला असे मानणे अवास्तव होते, म्हणून अपील न्यायालयाने बहुमताने कार्यकारी मंडळाचे सभासद हेच करारातील पक्ष मानले व त्यांना जबाबदार धरले. संस्थेच्या कामासाठी विनामूल्य वेळ देणाऱ्यांनाच अशा रीतीने इतरांपेक्षा अधिक जोखीम पत्करावी लागली.

मात्र तक्रार करणारा क्लबचाच सभासद असेल, तर चित्र उलट होई. आपण ज्या समूहाचे घटक आहोत त्या समूहाविरुद्ध दावा लावणे म्हणजे अंशतः स्वतःविरुद्धच दावा लावणे होय, अशी विचारसरणी होती. १९५० च्या प्रोल वि. अ‍ॅलन या खटल्यात अंधाऱ्या जिन्यावर पडून जखमी झालेल्या सभासदाला क्लबच्या कारभाऱ्याकडून भरपाई मिळाली, कारण दिव्यांची व्यवस्था पाहण्याचे काम त्याने स्वतः स्वीकारले होते. समितीच्या अन्य सभासदांवरील दावा मात्र टिकला नाही. १९८९ च्या रॉबर्टसन वि. रिडली या खटल्यात क्लबच्या आवारातील खड्ड्यामुळे मोटारसायकलवरून पडलेल्या सभासदाचा, अध्यक्ष व चिटणीस यांच्यावरील दावा फेटाळण्यात आला. क्लबच्या कारभाराची कायदेशीर जबाबदारी या दोघांवर राहील, असा नियम असला तरी त्यावरून जागा सुरक्षित ठेवण्याचे सभासदाप्रती कर्तव्य उत्पन्न होत नाही, असे अपील न्यायालयाने म्हटले.

कँपबेल वि. टॉम्पसन (१९५३) : वरील पार्श्वभूमीवर या निर्णयाचे महत्त्व लक्षात येते. लंडनच्या सिटी लिव्हरी क्लबमध्ये सफाईचे काम करणारी एक स्त्री क्लबच्या जिन्यावरून पडून जखमी झाली. क्लबचे सुमारे २,५०० सभासद होते. या सर्वांना प्रतिवादी करणे अशक्य होते आणि क्लबच्या नावाने दावा चालत नव्हता. तिने क्लबच्या दोघा पदाधिकाऱ्यांवर, ते सर्व सभासदांचे प्रतिनिधी आहेत असे म्हणून, दावा लावला. न्यायमूर्ती पिल्चर यांनी तशी परवानगी दिली. तिची नेमणूक करणारे धनी या नात्याने आणि जागेचे भोगवटादार या नात्याने सर्व सभासदांची स्थिती सारखीच होती. तिच्या मागणीला विरोध करण्यातही त्यांचे हित सारखेच होते. बदनामीच्या खटल्यात असतो तसा एकाचा बचाव एक व दुसऱ्याचा दुसरा, असा प्रकार येथे नव्हता.

सभासदवर्ग बदलण्याच्या अडचणीवरही या प्रकारच्या दाव्यात मार्ग निघतो. प्रतिनिधित्व दावा लावण्याच्या दिवशीच्या नव्हे, तर घटनेच्या दिवशी सभासद असलेल्या व्यक्तींपुरते निश्चित करता येते. तक्रार करणारा स्वतः सभासद असेल, तर त्याला वगळून उरलेल्यांचे प्रतिनिधित्व मागता येते. मात्र या मार्गाची मर्यादा १९८२ च्या रोश वि. शेरिंग्टन या खटल्यात पुन्हा दिसून आली. एका धार्मिक संघटनेच्या माजी सभासदाने, अनुचित प्रभावाखाली आपण दिलेले पैसे परत मागितले होते. ते वेगवेगळ्या वेळी दिलेले होते व मधल्या काळात सभासद बदलले होते. प्रत्येकाला उपलब्ध असलेला बचाव एकच असेल असे म्हणता येत नव्हते. न्यायमूर्ती स्लेड यांनी प्रातिनिधिक दावा चालू दिला नाही. घटना एक, दिवस एक आणि सर्वांचे नाते एक, असे असेल तेथेच हा मार्ग खात्रीचा ठरतो.

प्रतिनिधी निवडले म्हणून ते दोषी ठरत नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. ते केवळ समूहाचा आवाज म्हणून न्यायालयापुढे असतात. निकाल सर्व सभासदांवर बंधनकारक असतो. परंतु जो दाव्यात प्रत्यक्ष पक्षकार नव्हता, त्याच्याविरुद्ध अंमलबजावणी करण्यासाठी न्यायालयाची वेगळी परवानगी लागते. व्यवहारात वसुली क्लबचा सामायिक निधी आणि विमा यांतून व्हावी, अशीच अपेक्षा असते.

सभासदत्वावरून काढलेल्याचे दावे : बाहेरच्या धनकोप्रमाणेच काढून टाकलेला सभासदही समितीला न्यायालयात खेचतो. तेथे पैशाचा प्रश्न गौण असतो. समितीच्या निर्णयावर मनाई हुकूम मिळविणे हे उद्दिष्ट असते, म्हणून हे दावे समितीच्या सभासदांवर चालविणे सोपे जाते. १८७८ च्या फिशर वि. कीन या खटल्यात आर्मी अँड नेव्ही क्लबच्या समितीने सभासदाला म्हणणे मांडण्याची संधी न देता काढल्याबद्दल न्यायमूर्ती जेसेल यांनी तो निर्णय अवैध ठरविला. उलट १८८१ च्या डॉकिन्स वि. अँट्रोबस या खटल्यात ट्रॅव्हलर्स क्लबने नियमानुसार व प्रामाणिकपणे घेतलेल्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास न्यायालयाने नकार दिला. निर्णय शहाणपणाचा होता की नाही, हे न्यायालय पाहत नाही. तो नियमाप्रमाणे, सद्‌भावाने व नैसर्गिक न्याय पाळून घेतला की नाही, एवढेच पाहते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने बेळगाव येथील लॉज व्हिक्टोरियासंबंधीच्या टी. पी. डावर वि. लॉज व्हिक्टोरिया क्र. ३६३ या खटल्यात हीच तत्त्वे स्वीकारली. हा निर्णय १९६३ च्या विधिवृत्तांत प्रसिद्ध झाला असून लॉजचे नियम हा सभासदांमधील करार आहे व काढून टाकण्याबाबतचे नियम काटेकोरपणे पाळले पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. सभासदाचे अपील मात्र फेटाळण्यात आले.

भारतातील कायदा : इंग्लंडमधील हा नियम भारतात संहितेच्या रूपाने आला. १८७७ व १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितांच्या कलम ३० मध्ये आणि १९०८ च्या संहितेत पहिल्या आदेशाच्या आठव्या नियमात तो आहे. इंग्लंडहून येथे एक महत्त्वाचा फरक करण्यात आला. प्रातिनिधिक दाव्यास न्यायालयाची परवानगी लागते आणि ज्यांच्या वतीने किंवा ज्यांच्याविरुद्ध दावा आहे त्या सर्वांना त्याची सूचना द्यावी लागते. संख्या फार असल्यास ती जाहीर प्रकटनाने देता येते. वृत्तपत्रांतून येणाऱ्या जाहीर नोटिसांपैकी काही याच नियमाखालील असतात. समूहातील कोणाही व्यक्तीला स्वतः पक्षकार होण्यासाठी अर्ज करता येतो. कलम ११ च्या सहाव्या स्पष्टीकरणाने अशा दाव्यातील निकाल इतरांवरही बंधनकारक होतो. परंतु आठव्या नियमाचे पालन झाले असेल तरच, असे प्रिव्ही कौन्सिलने १९३३ मध्ये कुमारवेलू चेट्टियार वि. रामस्वामी अय्यर या खटल्यात स्पष्ट केले. ज्याला सूचनाच मिळाली नाही त्याला निकालाने बांधावयाचे नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

१९७६ च्या दुरुस्तीने हा नियम अधिक विस्तृत झाला. ती १ फेब्रुवारी १९७७ पासून अंमलात आली. सर्वांना सूचना दिल्याशिवाय दावा सोडून देण्यास, मागे घेण्यास किंवा त्यात तडजोड करण्यास मनाई करण्यात आली. प्रतिनिधी दक्षतेने काम करीत नसेल, तर त्याच्या जागी दुसरा नेमता येतो. हितसंबंध समान आहे हे ठरविण्यासाठी दाव्याचे कारणही एकच असणे आवश्यक नाही, असे स्पष्टीकरणही जोडण्यात आले. १९९० मध्ये तामिळनाडू गृहनिर्माण मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या स्पष्टीकरणाच्या आधारे, स्वतंत्र करार असलेल्या गाळेधारकांचा प्रातिनिधिक दावा ग्राह्य मानला. मार्क्ट खटल्याने घातलेली मर्यादा भारतात अशा रीतीने बरीच सैल झाली.

नोंदणी केलेल्या मंडळांसाठी दुसरी सोय आहे. इंग्लंडमधील १८५४ च्या वाङ्‌मयीन व शास्त्रीय संस्थांच्या अधिनियमाच्या धर्तीवर भारतात १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम झाला. त्याच्या कलम ६ नुसार संस्थेच्या नियमांत ठरविल्याप्रमाणे अध्यक्ष, प्रमुख चिटणीस किंवा विश्वस्त यांच्या नावाने दावा लावता येतो किंवा त्यांच्यावर लावला जातो. कलम ७ नुसार ती व्यक्ती मरण पावली किंवा पदावरून गेली तरी दावा संपुष्टात येत नाही. कलम ८ नुसार निकालाची अंमलबजावणी त्या पदाधिकाऱ्याच्या खाजगी मालमत्तेवर नव्हे, तर संस्थेच्या मालमत्तेवर होते. क्लबच्या कायद्यातील जुन्या तिन्ही अडचणींना, म्हणजे प्रतिवादी कोण, सभासद बदलल्यास काय आणि पैसे कोठून, या प्रश्नांना या तीन कलमांत उत्तर मिळते. तरीही नोंदलेली संस्था कंपनीप्रमाणे पूर्ण विधिमान्य व्यक्ती होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये इलाची देवी यांच्या खटल्यात सांगितले. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूने स्थापन होऊन या अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालीही येतात. त्यांच्या कारभारासंबंधी काही प्रकारचे दावे लावण्यापूर्वी हितसंबंधी व्यक्तींना धर्मादाय आयुक्तांची संमती घ्यावी लागते. ज्या मंडळांनी कोठेच नोंदणी केलेली नाही, त्यांच्यासाठी मात्र आठवा नियम हाच आधार राहतो.

अलीकडील प्रवाह : इंग्लंडमध्ये हा नियम १९६५ च्या नियमावलीत व नंतर २००० मध्ये नव्या दिवाणी प्रक्रिया नियमांत आला. क्लबच्या व्यक्तित्वाचा प्रश्न फौजदारी कायद्यातही उपस्थित झाला आहे. एका गोल्फ क्लबच्या तेलाच्या साठ्यातून गळती होऊन प्रवाहाचे पाणी दूषित झाले, तेव्हा अध्यक्ष व कोषाध्यक्ष यांच्यावर खटला भरण्यात आला. अशा गुन्ह्यासाठी अनिगमित क्लबवर त्याच्या नावाने खटला भरता येतो, तसाच सभासदांवरही भरता येतो, असे अपील न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले. दिवाणी कायद्यात जे व्यक्तित्व क्लबला नाकारले गेले, ते गुन्ह्याच्या प्रसंगी त्याला अंशतः देण्यात आले. २०२१ मध्ये लॉइड वि. गूगल या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने या नियमाचा चॅन्सरीपासूनचा इतिहास तपासला. समान हितसंबंधाची अट व्यवहार्य दृष्टीने वाचली पाहिजे. हक्काचा प्रश्न प्रातिनिधिक दाव्यात व प्रत्येकाच्या भरपाईचा प्रश्न त्यानंतर स्वतंत्रपणे सोडविता येईल, असे मत लॉर्ड लेगट यांनी मांडले. मात्र त्या दाव्यात प्रत्येकाची हानी न दाखवता मागितलेली भरपाई नाकारण्यात आली.

समालोचन : सभासदमंडळांविरुद्धच्या प्रातिनिधिक दाव्याचा इतिहास हा सोयीच्या एका नियमाचा इतिहास आहे. खाणकामगारांपासून क्लबच्या सभासदांपर्यंत त्याने एकच काम केले : समूहाला व्यक्ती न मानता समूहाकडून उत्तर मिळविणे. हक्क निश्चित करण्यात तो यशस्वी झाला. देणे वसूल करण्यात तो अडखळला, कारण देणे हे शेवटी व्यक्तीकडूनच यावयाचे असते. व्यापाऱ्याला क्लबच्या नावावर उधार देता आले, पण त्या नावाकडून पैसे घेता आले नाहीत. विश्वस्ताला सही करता आली, पण त्या सहीचा भार इतरांवर टाकता आला नाही. या विसंगतीवरचा खरा उपाय न्यायालयांनी नव्हे, विधिमंडळांनी काढला. तो म्हणजे नोंदणी. १८६० च्या अधिनियमाने जे साधले ते इंग्लंडमधील क्लबना दीर्घकाळ उपलब्ध नव्हते. मात्र नोंदणी ऐच्छिक असते आणि कोठेही नोंद न झालेली मंडळे नेहमीच निर्माण होत राहतात. त्यांच्या दारात इजा झालेल्या नोकराला किंवा थकबाकीदार व्यापाऱ्याला आजही १६७६ मधील धर्मोपदेशकाप्रमाणे काही थोड्यांना उभे करून सर्वांकडून उत्तर मागावे लागते. अशा मंडळाच्या समितीवर काम स्वीकारणाऱ्यानेही, क्लबचे नाव हे आपले कवच नाही, हे जाणून नोंदणी, विमा व स्पष्ट नियमावली यांची तजवीज करणे हिताचे असते.